ऑर्केस्ट्रातल्या सोलोला कुठलं ब्रास (पितळी फुंकवाद्य) घ्यावं? (प्रॉमनाड, बिद्वो, चायकॉव्हस्की ५, बोलेरो)

नेरूळची_रिहर्सल:
नमस्कार मंडळी. आधीच स्पष्ट करते, इथे ऑर्केस्ट्रा म्हणजे ठाण्याच्या गडकरी नाट्यगृहात लागतो तो जुन्या गाण्यांचा नव्हे. समोर नोटेशन, मध्ये कंडक्टर, डावीकडे व्हायोलिनं, असा चाळीसएक हौशी लोकांचा. डिसेंबरात वाशीच्या भावे नाट्यगृहात कार्यक्रम आहे. मुसोर्ग्स्कीच्या ‘पिक्चर्स अॅट अॅन एक्झिबिशन’मधलं (रावेलचं ऑर्केस्ट्रेशन) सुरुवातीचं प्रॉमनाड आणि बिद्वो, चायकॉव्हस्कीच्या पाचव्या सिंफनीचा दुसरा भाग, शेवटी बोलेरो. म्हणजे ट्रम्पेट, ट्यूबा, हॉर्न आणि ट्रॉम्बोन, चौघांची एकाच संध्याकाळी परीक्षा.

हाताशी आहेत: दोन बी-फ्लॅट ट्रम्पेट, उसनं मिळेल असं एक सी ट्रम्पेट, तीन पिस्टनचं जुनं युफोनियम, एक डबल बी-फ्लॅट ट्यूबा, .५४७ इंच बोअरचा (नळीच्या आतल्या व्यासाचा) टेनर ट्रॉम्बोन आणि दोन डबल हॉर्न (एकाच वाद्यात एफ आणि बी-फ्लॅट अशा दोन नळ्या). भाड्यानं अजून एकच वाद्य परवडेल. ते कुठलं घ्यावं? ट्रम्पेटवाले सी ट्रम्पेटवर अडून बसलेत, ट्रॉम्बोनवाल्याला लहान बोअर हवाय, आणि ट्यूबावाला काहीच बोलत नाही. नुसता बिद्वोच्या पानाकडे बघत बसतो.

घंटाळीकर:
ट्यूबावाला बघत बसतो ते बरोबरच आहे. बाकी तिघांचा प्रश्न बराचसा आवडीनिवडीचा, त्याचा मात्र सरळ गणिताचा.

बिद्वोचा पार्ट ज्या वाद्यासाठी लिहिला ते तुमच्याकडचं वाद्य नव्हेच. रावेलनं हे ऑर्केस्ट्रेशन १९२२ मध्ये पॅरिसच्या वादकांसाठी केलं. तिथे त्या काळी ऑर्केस्ट्रातला ट्यूबा म्हणजे सी पट्टीतला, सहा व्हॉल्व्हचा छोटा फ्रेंच ट्यूबा. आपल्या बी-फ्लॅट युफोनियमपेक्षाही एक पूर्ण स्वर चढा. पानावर ‘ट्यूबा’ लिहिलंय म्हणून जगभरचे लोक मोठं धूड घेऊन बसतात आणि मग घाम पुसतात.

सोलोचा सर्वांत उंच सूर आहे मधल्या सीच्या वरचा जी-शार्प. पेटीवर मधल्या सप्तकातली काळी चार, साधारण ४१५ हर्ट्झ. आता हा सूर कुठल्या नळीत कितवा हार्मोनिक (म्हणजे नळीच्या मूळ सुराची कितवी पट) पडतो ते मोजा.

डबल बी-फ्लॅट ट्यूबाची नळी साडेपाच मीटरच्या आसपास, मूळ सूर २९ हर्ट्झ. ४१५ भागिले २९, म्हणजे चौदा आणि वर थोडं. तिथे चौदावा, पंधरावा, सोळावा हार्मोनिक एकमेकांपासून जेमतेम अर्ध्या स्वरावर असतात (११० ते १२० सेंट; पियानोवरचा अर्धा स्वर म्हणजे १०० सेंट). ओठ केसभर सरकले की शेजारचा सूर लागतो, आणि तो ऐकणाऱ्याला सरळ चुकीचा सूर वाटतो. एफ ट्यूबाची नळी पावणेचार मीटरच्या आत, मूळ सूर ४४ हर्ट्झच्या जवळ. तिथे हाच जी-शार्प दहाव्या हार्मोनिकवर दुसरा व्हॉल्व्ह दाबून मिळतो. शेजारी दीडपावणेदोन अर्धस्वर लांब. बी-फ्लॅट युफोनियमवर तो आठव्या हार्मोनिकवर पहिला पिस्टन दाबून मिळतो, आणि शेजारी पूर्ण एक स्वर किंवा त्याहून लांब.

यातून एक गोष्ट नीट समजून घ्या, कारण चारही सोलोंना ती लागू आहे. लहान नळी उंच सूर काढून देत नाही. उंच सूर ओठ आणि श्वासच काढतात. ४१५ हर्ट्झला ओठ ४१५ वेळाच थरथरणार, हातात काहीही असो. लहान नळी फक्त नेम सोपा करते. ज्याला तो सूर मुळात निघतच नाही त्याला वाद्य बदलून फायदा नाही. ज्याला निघतो, पण दहांतून तीनदा घसरतो, त्यानं जरूर बदलावं.

म्हणून बिद्वो युफोनियमवर. आणि तुमचं तीन पिस्टनचं चालेल. तीन पिस्टनच्या वाद्यावर बेसूर होतात ते १-३ आणि १-२-३ हे दोन जोड, कारण पिस्टन एकत्र दाबले की नळीची लांबी कमी पडते आणि सूर चढतो. जी-शार्प मायनरचे सूर मांडून बघा: जी-शार्प १, ए-शार्प मोकळा, बी १-२, सी-शार्प २, डी-शार्प १, ई २, एफ-शार्प २-३. खर्जात उतरला नाहीत तर दोन्ही वाईट जोड लागतच नाहीत. या सोलोचा जीव मधल्या-वरच्या भागातच आहे.

पांढरी_चार:
गणित मान्य, निष्कर्ष अमान्य. बिद्वो म्हणजे गुरंढोरं ओढत असलेली जड गाडी. युफोनियमवर ती गाडी रबरी टायर लावल्यासारखी जाते. आवाजाला धाव हवी, लोखंडी धाव. एकच वाद्य भाड्यानं घ्यायचंय ना, मग एफ ट्यूबा घ्या. दहावा हार्मोनिक म्हणजे काही एव्हरेस्ट नव्हे.

(अवांतर: बरेच लोक ‘बिडलो’ म्हणतात. शब्द पोलिश आहे, त्यातल्या ‘ल’ला आडवी रेघ असते आणि तिचा उच्चार ‘व’च्या जवळ जातो. नेरूळवाल्यांनी बरोबर लिहिलंय.)

घंटाळीकर:
रबरी टायर आवडलं. पण बोटांचा विचार करा. डबल बी-फ्लॅट ट्यूबा आणि बी-फ्लॅट युफोनियम यांची बोटं तीच, फक्त एक सप्तक वर. बेस क्लेफमधला (खालच्या सुरांच्या नोटेशनमधला) पार्ट ठेवला की ट्यूबावाला पहिल्या दिवसापासून वाजवू शकतो. एफ ट्यूबावर सगळी बोटं नवी, आणि जी-शार्प मायनरमध्ये नवी. ज्याच्या हातात एफ ट्यूबा वर्षभर आहे त्यानं तोच वाजवावा, तुमच्याशी शंभर टक्के सहमत. डिसेंबरपुरता भाड्यानं आणणाऱ्यानं नाही.

दुसरं, आवाजाच्या चढउताराचं. मुसोर्ग्स्कीच्या मूळ पियानोच्या पानावर ही गाडी एकदम जोरात येते. रावेलसमोर होती रिम्स्की-कोर्साकोव्हनं संपादित केलेली प्रत, तिच्यात ती लांबून हळू येते, अंगावरून जाते आणि लांब निघून जाते. म्हणजे सुरुवात अगदी हळू आवाजात करायची आहे. इथे लवकर बोलणारं वाद्य लागतं. धाव मधल्या भागात लावा, तिथे सगळा ऑर्केस्ट्रा सोबत असतो.

नेरूळची_रिहर्सल:
चौथा पिस्टन असलेलं, कॉम्पेन्सेटिंग युफोनियम भाड्यानं घेतलं तर अजून बरं नाही का?

घंटाळीकर:
या सोलोसाठी नाही. कॉम्पेन्सेटिंगची युक्ती डेव्हिड ब्लेकली यांनी बूझी कंपनीत असताना, १८७०च्या दशकात काढली. चौथा पिस्टन दाबला की हवा पिस्टनमधून दुसऱ्यांदा फिरते आणि थोडी जादा नळी जोडली जाते, त्यामुळे खालच्या सप्तकातले चढे सूर जागेवर येतात. साध्या चार पिस्टनच्या वाद्यावर चारही दाबले तरी खालचा बी मिळत नाही, सीच वाजतो, कॉम्पेन्सेटिंगवर मिळतो. पण हे सगळं खर्जाचं काम. वर त्या जादा नळीचा उपयोग नाही, वजन मात्र खांद्यावर येतं. होल्स्टच्या ‘मार्स’मधला टेनर ट्यूबा असता तर वेगळं बोललो असतो.

तलावपाळी:
ट्रम्पेटकडे येतो. प्रॉमनाडच्या सोलोचे पहिले दोन बार, पाच आणि सहा मात्रांचे. सूर (कानाला येणारे): जी एफ बी-फ्लॅट सी एफ डी, सी एफ डी बी-फ्लॅट सी जी एफ. खाली एफ, वर एफ, मध्ये बरोबर एक सप्तक. उंचीचा प्रश्नच नाही. म्हणजे घंटाळीकरांचा नियम इथे लावला तर सी ट्रम्पेट घ्यायचं नेमाच्या दृष्टीनं काहीच कारण उरत नाही.

बोटंही दोन्हीकडे सोपी. सी ट्रम्पेटवर अख्ख्या सोलोत फक्त पहिला पिस्टन वर-खाली होतो: ०, १, १, ०, १, १. बी-फ्लॅटवर हेच एक स्वर वर वाचायचं, ए जी सी डी जी ई, बोटं १-२, ०, ०, १, ०, ०. पिस्टनचा टकटक आवाज एकाकी सोलोत पहिल्या रांगेला ऐकू जातो. बी-फ्लॅटवर मोकळे सूर जास्त, सी वर पहिल्याच बोटाला सगळं काम, एवढाच फरक.

मग ठरवायचं कशावर? आवाजाच्या जातीवर. रावेलनं पार्ट सी ट्रम्पेटसाठी लिहिलाय. सीची नळी साधारण १३१ सेंटीमीटर, बी-फ्लॅटची १४८. सीचा आवाज थोडा उजळ, सुरुवात धारदार. बी-फ्लॅटचा थोडा रुंद आणि गडद. अमेरिकेतल्या आणि फ्रान्सच्या ऑर्केस्ट्रांत सी हे रोजचं वाद्य. जर्मन परंपरेत रोटरी व्हॉल्व्हचं बी-फ्लॅट सर्रास चालतं, आणि त्यांचं प्रॉमनाड ऐकून कुणी उठून जात नाही.

सी ट्रम्पेटचा एक जुना आजार आहे. चौथ्या रेषेवरचा डी, त्याच्या वरचा ई-फ्लॅट आणि ई हे तीन सूर उतरतात. म्हणून सी वाजवणारे ई १-२ नं आणि ई-फ्लॅट २-३ नं घेतात. बी-फ्लॅटची सवय असलेला माणूस स्टेजवर घाबरला की जुनी बोटं टाकतो आणि सूर खाली बसतो.

पांढरी_चार:
म्हणजे त्या डीचं काय? सोलोत तो दोनदा येतो.

तलावपाळी:
डी पाचव्या हार्मोनिकवर आहे, दोन्ही ट्रम्पेटवर. पाचवा हार्मोनिक पियानोच्या सुरापेक्षा १४ सेंट उतरलेला असतो. आपल्याला हा सूर पाठ आहे: तानपुरा चांगला जुळला की त्यातून आपोआप ऐकू येतो तो स्वयंभू गंधार हाच. प्रॉमनाडची पट्टी बी-फ्लॅट, डी तिचा गंधार. त्यामुळे ट्यूनर अॅपचा काटा मधोमध आणायच्या भानगडीत पडू नका. सगळे ब्रास कॉर्डमध्ये आले की हा उतरलेला डी गोड लागतो, ओठांनी ओढून चढवलेला टोचतो. पहिल्या दोन बारांत एकटं असताना पाच-सहा सेंटांची सूट द्या, तेवढी पुरे.

माझा सल्ला: उसनं सी ट्रम्पेट आत्ता येत असेल आणि रोज अर्धा तास मिळत असेल तर घ्या. कार्यक्रमाला सहा आठवड्यांहून कमी उरले असताना येणार असेल तर बी-फ्लॅटच. आणि निवड वाजवणाऱ्यानं करू नये. ट्रम्पेटच्या मागे बसलेल्याला आपला आवाज जो ऐकू येतो तो दहाव्या रांगेत येतच नाही. दोघा जणांना दहाव्या रांगेत स्टेजकडे पाठ करून बसवा, दोन्ही वाद्यांवर तीन-तीनदा वाजवा, क्रम न सांगता.

बी-फ्लॅटवर ठरलं तर पार्ट एक स्वर वर नीट लिहून काढा. तोंडी बदलत वाचणं तालमीत जमतं, एकट्या सोलोत चुकतं.

हॉर्न_ओके:
हॉर्नबद्दल कुणी बोलायच्या आत मी बोलतो. चायकॉव्हस्कीच्या पाचव्याच्या (१८८८) दुसऱ्या भागाचा सोलो डी मेजरमध्ये, एफ हॉर्नवर तो ए मेजर वाचायचा. डबल हॉर्न आहे ना? मग दुसरं वाद्य नको. हाय-एफ किंवा ट्रिपल हॉर्नचा विचारही नको. तो बारीक नेमाच्या उंच पार्टसाठी असतो, इथे सगळं मधल्या पट्ट्यात आहे.

खरी निवड डबल हॉर्नच्या पोटातच आहे. एफची बाजू साधारण ३.७ मीटर, बी-फ्लॅटची २.७. एफ बाजूचा आवाज मऊ आणि भरीव, पण हार्मोनिक दाट. बी-फ्लॅट बाजूला नेम सोपा. नेहमीची सवय म्हणजे स्टाफच्या दुसऱ्या घरातल्या ए-जवळ अंगठ्यानं बाजू बदलायची. या सोलोत ती आंधळी सवय घात करते, कारण चाल त्याच भागात वर-खाली फिरते आणि दर वेळी रंग बदलल्याचं ऐकू येतं. पेन्सिल घ्या, प्रत्येक सुराखाली कुठली बाजू ते लिहा: ‘एफ’ किंवा ‘बी-फ्लॅट’. एक वाक्य शक्यतो एकाच बाजूला ठेवा, बदल श्वासाच्या जागी करा. उजवा हात बेलमध्ये थोडा मोकळा. जास्त मिटला की सूर उतरतो आणि आवाज घोंगडीत गुंडाळल्यासारखा होतो.

आणि आता भावे नाट्यगृहाचं. हॉर्नची बेल मागे बघते. नाटकाच्या स्टेजवर मागे काय असतं? काळा कापडी पडदा. तो हॉर्नचा अर्धा आवाज गिळतो, मग कंडक्टर म्हणतो जोरात, वादक ताणतो, सूर फुटतो, आणि सगळे म्हणतात हॉर्न खराब. आठ बाय चारचे दोन प्लायवूड घ्या, १२ मिलिमीटरचे, आडवे उभे करून मागून टेका द्या, वादकांच्या मागे मीटर-दीड मीटरवर. अगदी जवळ ठेवलात तर वादकाला स्वतःचाच आवाज मोठा ऐकू येतो आणि तो हात आखडता घेतो. मंडपवाल्याकडून प्लाय एका दिवसासाठी मिळतात. भाड्याचं वाद्य राहू दे, आधी हे करा.

पामबीच_रोड:
प्लायला +१. नाटकाचं थिएटर शब्द स्पष्ट कळावेत म्हणून कोरडं ठेवलेलं असतं, सूर संपला की संपला. ब्रासला मागून काही परत येत नाही म्हणून सगळे शेवटचा सूर लांबवायला जातात आणि तिथेच हलतात.

दुसरी गोष्ट, तापमान. हवा गरम झाली की आवाजाचा वेग वाढतो, सूर चढतो; हिशेबानं दर अंशाला सुमारे तीन सेंट. प्रत्यक्षात थोडं कमी, कारण नळीतली हवा आपल्या श्वासानं आधीच गरम असते. दुपारी एसी बंद असताना तालीम, रात्री एसी पूर्ण सुरू: आठ-दहा अंशांचा फरक सहज पडतो. दुपारी स्लाइडवर पेन्सिलनं केलेली खूण रात्री उपयोगाची नाही.

किती ओढायची याचा साधा हिशेब. नळीची लांबी एक टक्का वाढली की सूर साधारण १७ सेंट उतरतो, आणि ट्यूनिंग स्लाइडला दोन पाय असल्यामुळे ओढलेल्या अंतराच्या दुप्पट नळी वाढते. म्हणून १० सेंट उतरवायला बी-फ्लॅट ट्रम्पेटला सुमारे साडेचार मिलिमीटर, युफोनियम आणि ट्रॉम्बोनला आठ, डबल बी-फ्लॅट ट्यूबाला सोळा. ट्रम्पेटवाल्यानं ‘थोडी ओढा’ म्हणून ट्यूबावाल्याला दिलेल्या सल्ल्यानं काही होत नाही ते यामुळे.

बोलेरोत चेलेस्टा (घंटीसारख्या आवाजाचा छोटा पियानो) आहे. तुमच्याकडे बहुतेक कीबोर्डवर वाजणार, म्हणजे ए हा सूर ४४० हर्ट्झवर पक्का. ओबोवाल्याला ४४२ची सवय असेल तर आधीच आठ सेंटांचं भांडण लागलं. तालमीच्या पहिल्याच दिवशी ठरवून टाका.

कोपरखैरणे_बेस:
ट्रॉम्बोन. लहान बोअरबद्दल वर कुणीच बोललं नाही, म्हणून लिहितो.

बोलेरोचा सोलो सुरूच होतो वरच्या बी-फ्लॅटवर आणि चढतो डी-फ्लॅटपर्यंत. पेटीच्या भाषेत मधल्या सप्तकातल्या काळी पाचपासून तार सप्तकातल्या काळी एकपर्यंत. बी-फ्लॅट आठवा हार्मोनिक, पहिली पोझिशन (स्लाइड पूर्ण आत). डी-फ्लॅट दहावा, दुसरी पोझिशन, तीही किंचित आत, कारण दहावा हार्मोनिक पाचव्यासारखाच उतरलेला.

आता बोअर. .५०० इंच म्हणजे १२.७ मिलिमीटर, .५४७ म्हणजे १३.९. दोन्ही ट्रॉम्बोन बी-फ्लॅट, दोन्हींची नळी २.७ मीटरच्या आसपास. बोअर लहान केल्यानं नळी आखूड होत नाही! हार्मोनिक तोच, शेजारी तेवढेच जवळ. त्यामुळे नेम तसूभरही सोपा होत नाही. लहान बोअरनं मिळतं ते वेगळं: हवा कमी लागते, विरोध जास्त, वरचे सूर कमी श्वासात उजळ होतात, आवाज फ्रेंच ट्रॉम्बोनच्या जवळ जातो. १९२८ मध्ये रावेलच्या कानात होता तो लहान बोअरचाच. तुमच्या माणसाला आवाजासाठी हवा असेल तर त्याचं बरोबर. उंच सूर घसरतात म्हणून हवा असेल तर पैसे वाया.

मधला मार्ग माउथपीसचा. .५४७ला मोठा शँक (माउथपीसचा वाद्यात बसणारा दांडा) लागतो. ५जीच्या मापाचा वाजवत असेल तर ६½एएल, तोही मोठ्या शँकचाच, घेऊन बघा. कप थोडा लहान, वरचे सूर कमी थकवतात. महिनाभर तोच वाजवायचा, फक्त सोलोपुरता बदलला तर ओठ गोंधळतात.

अल्टो ट्रॉम्बोन कुणी सुचवेल, ई-फ्लॅटचा आहे, नळी खरोखर आखूड. पण पोझिशन सगळ्या नव्या आणि आवाज पातळ. बोलेरोत नको.

सोलो वाजवणाऱ्याचा खरा शत्रू म्हणजे थंड धातू. तो बराच वेळ गप्प बसून असतो, एसीत ट्रॉम्बोन गार पडतो, आणि पहिलाच सूर वरचा बी-फ्लॅट, तोही उतरलेला निघतो. माउथपीस मुठीत धरून ठेवा, आणि आवाज न करता नळीत सावकाश गरम श्वास सोडत राहा, विशेषतः आधीच्या दोन फेऱ्यांत. स्लाइडवर पाण्याचा फवारा आधीच मारून घ्या, सोलोच्या तोंडावर फुसफुस नको.

पांढरी_चार:
हा मुद्दा बिद्वोलाही लागू. युफोनियम स्टँडवर थंड होत पडणार आणि ट्यूबावाला प्रॉमनाडमध्ये ट्यूबा वाजवत असणार.

घंटाळीकर:
अगदी. तुम्ही मधली चित्रं गाळताय, म्हणजे दोन्हींमध्ये वेळ फार नाही. युफोनियम स्टँडवर नको, शेजारच्या माणसाच्या मांडीवर द्या. बेस ट्रॉम्बोनवाला नको म्हणणार नाही. ट्यूनिंग स्लाइड तीन-चार मिलिमीटर आत ढकलून ठेवा. चार ओळी वाजवून वाद्य तापलं की बाहेर घ्यायची, त्यासाठी पार्टवर विश्रांतीची जागा आत्ताच खूण करून ठेवा.

नेरूळची_रिहर्सल:
सगळ्यांचे आभार. मग भाड्यानं वाद्यच नको असं दिसतंय. युफोनियम जुनं आहे, पावसाळाभर केसमध्ये बंद होतं. सोलोच्या लायकीचं आहे का हे घरी कसं तपासायचं?

कोपरखैरणे_बेस:
आधी धुवा. कोमट पाणी, भांड्याच्या साबणाचे चार थेंब, लवचिक ब्रश. कडकडीत पाणी नको, लॅकर सुटतं. पिस्टन वेगळे धुवा, वरचे फेल्ट भिजवू नका. दमट हवेत बंद राहिल्यावर केसच्या अस्तराला बुरशी असते, ती उन्हात घालवा, नाहीतर धुतलेलं वाद्य परत तिथेच.

मग हवेची गळती. पिस्टनला तेलाचे दोन-तीन थेंब, मग पिस्टन न दाबता त्याची स्लाइड पूर्ण ओढून काढा. बाहेर येताना ‘टॉप’ असा आवाज आला तर पिस्टन आणि स्लाइड हवा धरताहेत. नुसतीच सुळकन आली तर हवा निसटतेय, आणि हळू आवाजात वरचे सूर लागणार नाहीत. बिद्वोची सुरुवात नेमकी तीच.

पाणी सोडायच्या चावीखालचं बूच बोटानं घट्ट दाबून एक सूर धरा. दाबल्यावर सूर सुधारला तर बूच बदलायचं. छोटं काम आहे पण अर्धी वाद्यं याच्यामुळे बदनाम होतात. माउथपीसला लागून असलेल्या नळीवर गुलाबी डाग आणि मध्ये काळा ठिपका दिसला तर पितळातलं जस्त निघून गेलंय. असे एक-दोन डाग चालतात, ओळीनं असले तर नळी बदलायची वेळ आली.

शेवटी ट्यूनर लावून फक्त या सोलोचे सात सूर, आधी जोरात, मग अगदी हळू. जोरात आणि हळूमध्ये एखादाच सूर १० सेंटांहून जास्त हलला तर त्या पिस्टनचे फेल्ट दबलेत आणि भोकं समोरासमोर येत नाहीत. सगळेच हलले तर वाद्याचा दोष नाही, श्वासाचा.

नेरूळची_रिहर्सल:
केलं सगळं. पहिल्या आणि तिसऱ्याला ‘टॉप’ आला, दुसऱ्याला नाही. आणि एक भलतंच निघालं: ट्यूबावाल्यानं आणलेला मोठ्या शँकचा माउथपीस आत जातच नाही, ट्रॉम्बोनचा लहान शँकवाला जातो पण हलतो.

घंटाळीकर:
म्हणजे तुमच्या युफोनियमचं तोंड मधल्या मापाचं आहे, जुन्या ब्रिटिश घडणीच्या वाद्यांत ते सर्रास दिसतं. युफोनियमचे शँक तीन: लहान, मधला, मोठा. लहान शँकला चढवायची पितळी बाही मिळते, ती चालते, पण हलायला अजिबात नको. हलला की तिथूनच हवा जाते आणि वरचा जी-शार्प पहिला पळतो. मधल्या शँकचाच मिळाला तर उत्तम, आणि तो युफोनियमचा खोल कपाचा हवा. ट्रॉम्बोनचा उथळ कप लावलात तर पांढरी_चार म्हणतात ते रबरी टायरही राहणार नाहीत, सायकल होईल.

दुसऱ्या पिस्टनच्या स्लाइडला जाड ग्रीस लावून परत बघा. ती सर्वांत आखूड, बहुतेक वेळा तीच सैल निघते, पिस्टन ठीक असतो.

नेरूळची_रिहर्सल:
ग्रीसनं ‘टॉप’ आला. मधल्या शँकच्या माउथपीससाठी उद्या फोन करते. प्लायचं मंडपवाल्याशी बोलणं झालंय, तो विचारतोय, रंगवून देऊ का?

हॉर्न_ओके:
चालेल, पण वर कापड लावू नका म्हणावं.